युद्धकालीन समाज आणि ग्रंथांचा दिलासा : ऐतिहासिक कादंबरी व ऐतिहासिक नोंदी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

युद्धाचा इतिहास दीर्घकाळ रणांगणांचा, तहांचा आणि सेनानींचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक इतिहासलेखनाचा विस्तार झाला, तसे शिधापत्रिका, हवाई हल्ल्यांपासूनचे निवारे, स्थलांतरित मुले, स्त्रियांचे श्रम असे विषय अभ्यासाच्या कक्षेत आले. युद्धकाळातील वाचन हा त्यांपैकीच एक विषय होय. बॉम्बवर्षावात, परकीय सैन्याच्या ताब्यात किंवा बंदिवासात सापडलेल्या माणसांनी पुस्तके वाचली; ग्रंथालयांच्या देवघेवीच्या नोंदी, अहवाल व दैनंदिन्या यांतून त्याचा पुरावा उपलब्ध आहे.

एकविसाव्या शतकात हाच विषय ऐतिहासिक कादंबरीनेही हाताळला. मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीची ओळख रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून आहे आणि या परंपरेचा मोठा भाग राजे, सरदार व लढाया यांच्याभोवती फिरतो. येथे विचारात घेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचे नायक मात्र वाचक आणि ग्रंथपाल आहेत. संकटात सापडलेल्या समाजाला पुस्तकांनी धीर दिला, हे या कादंबऱ्यांचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन ऐतिहासिक नोंदींच्या कसोटीवर कितपत उतरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१. दुसऱ्या महायुद्धातील नागरी वाचनावर आधारित दोन ऐतिहासिक कादंबऱ्यांमधील 'दिलासा' या संकल्पनेचे स्वरूप पाहणे.
२. त्या कादंबऱ्यांची पार्श्वभूमी असलेल्या प्रत्यक्ष घटना व संस्था यांच्याशी त्यांची तुलना करणे.
३. व्हिल्ना येथील घेट्टोच्या ग्रंथालयाच्या आधारे ग्रंथांपासून मिळणाऱ्या दिलाशाचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. कादंबरीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिलेले नाही. नंतरच्या काळाने भूतकाळाचा लावलेला अर्थ म्हणून तिचा विचार केला आहे.

ब्रिटनमधील ग्रंथव्यवहाराची पार्श्वभूमी :

युद्धाच्या प्रारंभापासूनच ब्रिटनमधील ग्रंथव्यवहार अडचणीत आला. १९४० मध्ये कागदाचे नियंत्रण सुरू झाले. प्रकाशकांना आरंभी युद्धपूर्व वापराच्या ६० टक्के कागद मिळत होता; पुढे हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली गेले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडन शहरावर झालेल्या अग्निबॉम्बच्या हल्ल्यात पॅटरनॉस्टर रो हा पुस्तक व्यापाराचा जुना भाग जळून गेला आणि सुमारे ५० लाख पुस्तके नष्ट झाली. छापील पुस्तकांची संख्या घटत असताना वाचकांची मागणी मात्र वाढत होती. दिवाबंदीमुळे संध्याकाळी घराबाहेर पडणे कठीण झाले होते आणि निवाऱ्यांत तासन्‌तास बसून राहावे लागे. १९४० मध्ये नव्याने लागू झालेल्या खरेदी करातून लेखक व प्रकाशकांच्या विरोधानंतर पुस्तके वगळण्यात आली. ग्रंथ ही चैनीची वस्तू नाही, ही भूमिका युद्धकाळातच शासनाला मान्य करावी लागली, ही बाब महत्त्वाची आहे.

गर्न्सी : कादंबरीतील वाचनमंडळ आणि बेटावरील वास्तव :

इंग्लिश खाडीतील गर्न्सी हे बेट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आहे. ब्रिटिश सरकारने १९४० च्या जूनमध्ये चॅनेल बेटांवरील सैन्य काढून घेतले. गर्न्सीतील सुमारे १७,००० रहिवासी, त्यांत हजारो शाळकरी मुले, इंग्लंडला रवाना झाले. २८ जून १९४० रोजी सेंट पीटर पोर्टच्या बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तेथे रांगेत उभ्या असलेल्या टोमॅटोच्या मालमोटारींवर मारा झाला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ३० जूनला जर्मन सैन्य बेटावर उतरले. हा ताबा ९ मे १९४५ पर्यंत टिकला.

मेरी ॲन शॅफर व ॲनी बॅरोज यांची 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी' (२००८) ही कादंबरी या पार्श्वभूमीवर उभी आहे. शॅफर या अमेरिकन लेखिकेने ग्रंथालयांत व पुस्तकांच्या दुकानांत काम केले होते. गर्न्सीच्या भेटीत धुक्यामुळे विमानतळावर अडकून पडल्या असता तेथील पुस्तकांतून त्यांना या इतिहासाची ओळख झाली. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांची भाची ॲनी बॅरोज हिने हस्तलिखित पूर्ण केले आणि शॅफर यांच्या निधनानंतर त्याच वर्षी ते प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये या कादंबरीवर चित्रपटही आला. कथानक १९४६ मधील पत्रांतून उलगडते. जर्मनांपासून लपवलेल्या डुकराची मेजवानी आटोपून परतणारी मंडळी संचारबंदीत पकडली जातात आणि त्यांतील एलिझाबेथ ही तरुणी प्रसंगावधान राखून साहित्यमंडळाची सबब सांगते. ही थाप खरी करून दाखवण्यासाठी खरोखरच मंडळ स्थापन करावे लागते. आजवर फारसे न वाचलेले शेतकरी व कोळी लॅम, सेनेका, शेक्सपियर यांच्याकडे वळतात आणि पंधरवड्यातील त्या बैठकींतून एकमेकांचा आधार बनतात.

कादंबरीने केवळ गोड चित्र रंगवले आहे, असे म्हणता येणार नाही. एलिझाबेथ एका वेठबिगार कामगाराला आसरा देते, त्यासाठी तिला युरोपात पाठवले जाते आणि राव्हेन्सब्रुक छावणीत तिला ठार मारले जाते. तथापि प्रत्यक्ष इतिहासाशी तुलना करता दोन बाबी लक्षात येतात.

पहिली बाब पत्रव्यवहाराची. कादंबरी भरभरून लिहिलेल्या पत्रांची आहे. परंतु जर्मन ताब्याच्या काळात बेटावरील आईबापांना इंग्लंडमधील मुलांशी रेड क्रॉसमार्फत जास्तीत जास्त २५ शब्दांचा निरोप पाठवता येत असे. तो पोहोचण्यास अनेक आठवडे, कधी महिने लागत. कथानक युद्धोत्तर काळात ठेवल्यामुळेच लेखिकांना पत्रांचे मोकळे रूप वापरता आले. ज्यांना पाच वर्षे मनातले काही लिहिता आले नाही, अशी माणसे या पत्रांतून बोलू लागतात. त्या दृष्टीने कादंबरीचे पत्ररूप हे बेटावरील सक्तीच्या मौनाला दिलेले उत्तर ठरते.

दुसरी बाब वाचनासाठी पत्करलेल्या धोक्याची. जून १९४२ मध्ये बेटावरील रेडिओ संच जप्त झाले. त्याच सुमारास काही रहिवाशांनी लपवलेल्या संचावर बीबीसीच्या बातम्या ऐकून त्या टंकलिखित पत्रकाद्वारे गुप्तपणे वाटण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे काम उघडकीस आले. पाच जणांना तुरुंगवास झाला आणि त्यांपैकी दोघे जिवंत परतले नाहीत. ज्या मजकुरासाठी गर्न्सीच्या माणसांनी प्राण पणाला लावले, तो अभिजात साहित्याचा नव्हता. ते बातम्यांचे एक साधे पत्रक होते. परक्या सत्तेखाली जगणाऱ्या समाजाला सर्वप्रथम सत्य हवे असते. बेटावरील गिए-आलेस ग्रंथालयाचे काम मात्र उघडपणे, सत्ताधाऱ्यांच्या नजरेखाली चालू राहिले. ब्रिटनमधून नवी पुस्तके येणे थांबल्यामुळे जुन्याच प्रती हातोहाती फिरत राहिल्या. साहसाची कथा सांगणाऱ्या कादंबरीला असा नित्यक्रम आकर्षक वाटत नाही, हे स्वाभाविक आहे.

बेथनल ग्रीन : भुयारातील ग्रंथालय :

पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन ही कामगारवस्ती. तेथील मध्यवर्ती ग्रंथालय १९२२ मध्ये सुरू झाले होते. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवरील सलग हवाई हल्ल्यांना प्रारंभ झाला आणि पहिल्याच रात्री या ग्रंथालयाच्या छपरावर बॉम्ब पडून प्रौढांचा देवघेव विभाग उद्ध्वस्त झाला. ग्रंथपाल जॉर्ज व्हेल आणि उपग्रंथपाल स्टॅन्ले स्नेथ यांनी काम बंद पडू दिले नाही. जवळच भूमिगत रेल्वेचे एक स्थानक अर्धवट बांधून पडले होते. युद्धामुळे त्याचे काम थांबले होते. या स्थानकाचा निवारा म्हणून वापर सुरू झाला. तेथे ५,००० झोपण्याच्या फळ्या बसवण्यात आल्या आणि गर्दीच्या रात्री सुमारे ७,००० माणसे आश्रयास येत. पुढे या भुयारात बालवाडी, दवाखाना, नाट्यगृह आणि रुळांवर फळ्या टाकून उभारलेले सुमारे ४,००० पुस्तकांचे ग्रंथालय अशी एक लहान वसाहतच निर्माण झाली.

केट थॉम्पसन यांची 'द लिटल वॉरटाइम लायब्ररी' (२०२२) ही कादंबरी याच ग्रंथालयावर आधारलेली आहे. क्लारा बटन ही तरुण ग्रंथपाल व तिची सहकारी रूबी या काल्पनिक व्यक्तिरेखा आहेत. मुलांना गोष्टी वाचून दाखवणे, घरातील छळाला कंटाळलेल्या स्त्रियांना वाचनाच्या निमित्ताने मोकळी जागा मिळणे, स्त्री ग्रंथपालाकडे पाहण्याची वरिष्ठांची दृष्टी असे अनेक पदर कादंबरीत आहेत. प्रत्यक्षात ग्रंथालयाची धुरा दोन पुरुष अधिकाऱ्यांकडे होती. कादंबरीने तेथे तरुण स्त्रीची योजना केली. हा बदल इतिहासाशी विसंगत म्हणून सोडून देता येईल. परंतु युद्धकाळात ग्रंथालयांचे दैनंदिन काम पेलणाऱ्या, पण अधिकाराच्या जागी क्वचितच पोहोचलेल्या स्त्रियांना त्यामुळे कथेच्या केंद्रस्थानी स्थान मिळाले, हेही नोंदवले पाहिजे.

या भुयाराच्या इतिहासात एक काळी रात्र आहे. ३ मार्च १९४३ रोजी धोक्याचा भोंगा वाजल्यावर लोक निवाऱ्याकडे निघाले. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाणांचा अपरिचित आवाज झाला, गर्दी पुढे सरकली आणि अंधूक उजेडाच्या, मधला कठडा नसलेल्या जिन्यावर कोणीतरी घसरले. काही क्षणांत माणसांवर माणसे कोसळली. १७३ जण गुदमरून मरण पावले; त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता. प्रवेशद्वार सुधारण्याची स्थानिक परिषदेची सूचना वरिष्ठ यंत्रणेने पूर्वी फेटाळली होती. चौकशीचा अहवाल शासनाने दडवून ठेवला आणि तो १९४५ मध्येच प्रसिद्ध झाला.

थॉम्पसन यांनी ही दुर्घटना टाळलेली नाही. रूबीच्या मनावरील आघाताचे मूळ तीच आहे. तिच्यामुळे कादंबरीतील दिलाशाला वजन येते. ज्या जिन्यावर शेजारीपाजारी दगावले, तोच जिना उतरून वाचकांना पुस्तके बदलायला जावे लागत होते. अशा परिस्थितीत ग्रंथालय ठरलेल्या वेळी उघडे सापडणे, हीच मोठी गोष्ट होती.

व्हिल्ना : घेट्टोतील ग्रंथालयाच्या नोंदी :

वरील दोन्ही ठिकाणी बहुसंख्य वाचक युद्धानंतर जिवंत राहिले. जेथे वाचकांचा संपूर्ण समाजच मृत्यूच्या छायेत होता, तेथे ग्रंथांनी काय साधले, हे पाहिल्याशिवाय दिलाशाचा विचार पूर्ण होत नाही. त्यासाठी व्हिल्ना, म्हणजे लिथुआनियाची आजची राजधानी विल्नियस, येथील घेट्टोच्या ग्रंथालयाच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत. त्या नंतर रचलेल्या कथेतून आलेल्या नाहीत. त्या तत्कालीन ग्रंथपालाने स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी शहरातील ज्यूंना घेट्टोत कोंडले. तेथील स्ट्राशून रस्त्यावरील ६ क्रमांकाच्या इमारतीत एक जुने ज्यू ग्रंथालय होते. वॉर्सातून निर्वासित म्हणून आलेले अनुभवी ग्रंथपाल हेरमान क्रुक यांनी ते पुन्हा सुरू केले. पुस्तके वेळेवर परत न केल्यास दंड होता, प्रती स्वच्छ ठेवण्याविषयी नियम होते, वाचनकक्ष होता आणि देवघेवीची आकडेवारी काटेकोरपणे ठेवली जात होती. घेट्टोची लोकसंख्या सुमारे २०,००० असताना १३ डिसेंबर १९४२ रोजी एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती गेल्याचा समारंभ झाला. याच काळात शहराबाहेरील पोनार येथे हजारोंच्या सामूहिक हत्या होत होत्या.

क्रुक यांनी १९४२ मध्ये ग्रंथालयाच्या पहिल्या वर्षाचा अहवाल तयार केला. धरपकडीच्या मोठ्या मोहिमांनंतर पुस्तकांची मागणी घटण्याऐवजी वाढते, असे त्यांच्या निदर्शनास आले. बहुसंख्य वाचक हलकेफुलके कथावाङ्मय व रहस्यकथा नेत असत. या वाचनाची तुलना त्यांनी गुंगी आणणाऱ्या द्रव्याशी केली. आपल्या वाचकांचा गौरव करण्याची संधी असताना त्यांनी त्यांचे उदात्तीकरण केले नाही. भुकेलेल्या, भेदरलेल्या माणसाला काही तास स्वतःची परिस्थिती विसरायची असते, हे त्यांनी तटस्थपणे नोंदवले आणि तरीही ग्रंथालय चालू ठेवले. वाचन उच्च अभिरुचीचे असेल तरच ते सार्थ, अशी अट त्यांनी घातली नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये व्हिल्नाचे घेट्टो नष्ट करण्यात आले. क्रुक यांना एस्टोनियातील छावण्यांत नेण्यात आले. १७ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांनी आपली टिपणे जमिनीत पुरली आणि दुसऱ्याच दिवशी, सोव्हिएत सैन्य जवळ येऊन ठेपले असताना, त्यांची हत्या झाली. ही टिपणे पुढे सापडली. १९६१ मध्ये त्यांची दैनंदिनी यिद्दिश भाषेत व २००२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

ऐतिहासिक कादंबरीच आधार ठरते तेव्हा :

क्रुक यांच्या निरीक्षणांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आणखी एक मौलिक नोंद आहे. वाचकांचा एक लहान, विचारी गट आपल्या परिस्थितीशी साम्य असलेली पुस्तके शोधत असे. टॉलस्टॉय यांची 'युद्ध आणि शांती' त्यांत होती. फ्रान्झ वेर्फेल यांची 'मुसा दागचे चाळीस दिवस' (१९३३) ही कादंबरी तर विशेष मागणीत होती. या दोन्ही ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत. पहिली १८१२ च्या नेपोलियनच्या स्वारीवर आधारलेली आहे. दुसरी १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन लोकांनी एका डोंगरावर केलेल्या प्रतिकारावर.

दुसऱ्या एका समाजाच्या संहाराची कथा वाचून दिलासा कसा मिळू शकेल, असा प्रश्न उद्भवतो. आपल्यावर ओढवलेले संकट मानवी इतिहासाबाहेरचे नाही, ते पूर्वीही कोणावर तरी कोसळले होते आणि त्यांची कथा सांगणारा कोणीतरी उरला, ही जाणीव त्यात अंतर्भूत आहे. क्रुक यांच्या टिपणांमागेही हीच प्रेरणा दिसते. वेगळ्या परिस्थितीत ब्रिटनमध्येही असेच घडले. जर्मनीने १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर टॉलस्टॉयच्या कादंबरीची मागणी वाढली आणि जानेवारी १९४३ मध्ये बीबीसीने तिचे आठ भागांतील नभोनाट्य प्रसारित केले. म्हणजेच ऐतिहासिक कादंबरी ही युद्धकालीन दिलाशाचे वर्णन करणारा वाङ्मयप्रकार आहे, त्याचप्रमाणे युद्धकाळात दिलासा देणारे साधनही आहे.

दिलाशाची मर्यादा :

ग्रंथांचे महत्त्व सांगताना त्यांच्याकडे तारणहार म्हणून पाहण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. गर्न्सीतून एप्रिल १९४२ मध्ये तीन ज्यू स्त्रियांना बेटाबाहेर पाठवण्यात आले आणि त्या ऑशविट्झमध्ये मरण पावल्या. बेटावरील ग्रंथालय त्या वेळी उघडेच होते. बेथनल ग्रीनमध्ये हजारो पुस्तके भुयारात पोहोचली, परंतु जिन्याला मधला कठडा लागला तो दुर्घटनेनंतर. व्हिल्नाच्या एक लाख देवघेवींनी वाचकांचे प्राण वाचवले नाहीत. दिलासा म्हणजे सुरक्षितता नव्हे. या दोन शब्दांची गल्लत झाली, तर जबाबदार यंत्रणांचे दोष पुस्तकप्रेमाच्या हृद्य कथांखाली झाकले जातात. येथे अभ्यासलेल्या दोन्ही कादंबऱ्यांनी ही गल्लत पूर्णपणे केलेली नाही. परंतु लोकप्रिय वाचनात त्यांचा गोडवाच अधिक लक्षात राहतो.

निष्कर्ष :

१. युद्धकाळात नागरी समाजात वाचन वाढले, हे कादंबऱ्यांचे मूलभूत प्रतिपादन ब्रिटन व व्हिल्ना येथील नोंदींशी सुसंगत आहे.
२. कादंबरी दिलाशाचे श्रेय योगायोगाने भेटलेल्या पुस्तकाला आणि त्याभोवती जमलेल्या मैत्रीला देते. ऐतिहासिक नोंदींमध्ये मात्र ठरलेली वेळ, नोंदवही, दंडाचे नियम व प्रतींची निगा यांतून टिकलेली संस्था अधिक ठळकपणे दिसते.
३. वाचनाचे हेतू भिन्न होते. काहींना विसर हवा होता, काहींना बातमी हवी होती, तर काहींना इतिहासातील साम्य शोधायचे होते. यांपैकी कोणत्याही हेतूला गौण लेखणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही.
४. ऐतिहासिक कादंबरी नोंदींत न उतरलेल्या भावना व दुर्लक्षित व्यक्ती पुढे आणते. परंतु दिलाशाची मर्यादा समजण्यासाठी मूळ नोंदींकडेच वळावे लागते.

समारोप :

हेरमान क्रुक यांनी नोंदवह्या भरल्या, तेव्हा त्या कोण वाचणार याची त्यांना कोणतीही खात्री नव्हती. बेथनल ग्रीनच्या ग्रंथपालांनी रुळांवरच्या फळ्यांवर कपाटे मांडली, तेव्हा युद्ध किती काळ चालेल हे कोणालाही ठाऊक नव्हते. दोन्ही ठिकाणी ग्रंथालय चालू ठेवण्याचा निर्णय विजयाच्या आशेवर अवलंबून नव्हता. उद्या सकाळी वाचक येईल, एवढ्याच गृहीतकावर तो घेतला गेला. शैक्षणिक संस्थांमध्ये खर्चाची कात्री अनेकदा ग्रंथालयावर प्रथम चालते. अशा वेळी हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण संकट आल्यावर ग्रंथालय नव्याने उभारण्यास सवड मिळत नाही. जे आधीपासून चालू असते, तेच त्या वेळी उघडे ठेवता येते.